रेफरन्स चेक: उमेदवाराची चौकशी करायला त्याच्या कंपनीत त्याच्या नकळत फोन करायचा का?

अनघा_भोसरी
भोसरीच्या एका मशीनिंग कारखान्यात नऊ वर्षं एचआर बघते. गेल्या महिन्यात घडलेलं अजून डोक्यातून जात नाही.

क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी एक मुलगा आला होता. इंटरव्ह्यू छान झाला. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरनी त्याच्या सध्याच्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला परस्पर फोन लावला, "तुमच्याकडचा पोरगा आलाय, कसा आहे?" चार दिवसांनी तो मुलगा हेल्मेट हातात घेऊन आमच्या गेटवर उभा. तिकडे त्याचा ओव्हरटाइम बंद झाला होता, राजीनामा मागितला होता. आम्ही तर ऑफर लेटरही दिलं नव्हतं. एवढंच म्हणाला, "मॅडम, सध्याच्या कंपनीत कळवू नका असं मी फॉर्मवर लिहिलं होतं ना?" फॉर्म काढून पाहिला. निळ्या शाईत, खाली रेघ मारून लिहिलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. चौकशी उमेदवाराला सांगूनच व्हावी. आणि सध्याच्या कंपनीत फोन करायचा तो त्याने राजीनामा दिल्यावरच.

सातपूरचा_वर्कशॉपवाला
ताई, त्या मुलाचं वाईट वाटलं. पण सांगून चौकशी केली तर हाती काय लागतं? उमेदवार नंबर देतो मित्राचा नाहीतर मेव्हण्याचा.

माझा अनुभव ऐका. स्टोअरला माणूस घेतला. अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट. दाखल्यावरच्या मोबाइलवर फोन केला, तर तोंडभर कौतुक. सात महिन्यांनी ऑपरेटर टर्निंगच्या इन्सर्टची (लेथवर धातू कापायच्या छोट्या पात्यांची) डबी घेऊन केबिनमध्ये आला. एका डबीत दहा नग असतात. वरून नवी कोरी, आत दहाही नग झिजलेले. कपाट उघडलं तर अशा कितीतरी डब्या निघाल्या. मग त्याच्या जुन्या मालकाला गाठलं. ते म्हणाले, "आम्हीही त्याला याचसाठी काढलं. तुम्ही विचारलंच कुठे?"

तेव्हापासून ओळखीतूनच विचारतो. लपूनछपून म्हणा हवं तर.

हिंजवडी_लोकल
कागदाचं काम कागदाने करा, फोन कशाला? यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) असेल तर पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत कुठे कधी लागला, कधी सोडलं, सगळं दिसतं. उमेदवारालाच लॉगिन करून दाखवायला सांगा. आयटीत खोटी अनुभवपत्रं विकणारे कमी नाहीत. २०२२ मध्ये अ‍ॅक्सेंचरने भारतात अशा कागदांवर लागलेल्यांना काढून टाकलं, ते पडताळणीतूनच.

सातपूरचा_वर्कशॉपवाला
२० पेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपला पीएफ सक्तीचा नाही. माझ्याकडे येणारे निम्मे तिथूनच येतात. आणि चोरी सर्व्हिस हिस्टरीत दिसत नाही.

मीरा_ठाणे
ओळखीतून कळतं ते खरंच असतं, हे कुणी ठरवलं? मी वरिष्ठाविरुद्ध अंतर्गत समितीकडे तक्रार केली आणि नंतर नोकरी सोडली. पुढे तीन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन एकाएकी शांतता. चौथ्या ठिकाणच्या बाईंनी समोर बसवून विचारलं, "तुम्ही भांडखोर आहात असं सांगितलंय. तुमचं काय म्हणणं?" तक्रारीची पोच दाखवली, नोकरी मिळाली. आधीच्या तिघांनी मला विचारलंसुद्धा नाही.

अनघा_भोसरी
मीरा, हेच मला म्हणायचंय. वाईट कानावर आलं तर ते उमेदवारासमोर ठेवायलाच हवं.

सातपूरचे दादा, फोन करूच नका असं मी म्हणत नाही. तुमचा घात त्या मोबाइल नंबरने केला. कंपनीचा नंबर आपण स्वतः शोधायचा, ऑफिसला लावायचा, आधीच्या सुपरवायझरला मागायचं, आणि हे उमेदवाराला आधी सांगायचं. "कसा आहे?" विचारलं की सगळे "चांगला आहे" म्हणतात. मी विचारते, "पुन्हा घ्याल का?" ज्याला घ्यायचं नसतं तो क्षणभर थांबतो. "लावा फोन" म्हणताना उमेदवार चाचरला तरी पुष्कळ कळतं.

सातपूरचा_वर्कशॉपवाला
"पुन्हा घ्याल का" हा प्रश्न मी उचलला. मीराताईंना तिघांनी विचारायला हवं होतं, हेही मान्य. पण राजीनाम्यापर्यंत थांबणं मला जमणार नाही. सोमवारी ऑपरेटर नसेल तर मशीन उभं राहतं.

अनघा_भोसरी
मग त्याच्या आधीच्या, सोडलेल्या कंपनीत लावा. तिथे त्याच्या पोटावर पाय येत नाही. त्या मुलाला आम्ही घेतलं, एक तारखेला रुजू झाला. पण मधले अठरा दिवस तो घरी बसून होता, त्याचा पगार कुणीच दिला नाही. आता मी मॅनेजरांना फॉर्म देतच नाही, माझ्या कपाटात कुलपात ठेवते.