डायपर सोडवण्याची वेळ आली हे नेमके कसे ओळखावे?

जळगावची आई (प्रश्न)

माझा मुलगा पुढच्या आठवड्यात २२ महिन्यांचा होईल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी त्याला घेऊन चोपडा तालुक्यातल्या माहेरी गेले होते, तेव्हा आईने दुसऱ्याच दिवशी त्याचा डायपर काढून ठेवला आणि त्याला अंगणात नुसत्या चड्डीवर खेळू दिले. आश्चर्य म्हणजे तो तीन-तीन तास कोरडा राहत असे, दिवसभरात जेमतेम तीन-चार वेळा लघवी करत असे, आणि त्यातही दोनदा तरी आईने मोरीत नेल्यावरच करत असे. पोरगा शिकला, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. जळगावला परतल्यावर मात्र पहिल्याच दिवशी सात चड्ड्या ओल्या झाल्या, गादी दोनदा उन्हात टाकावी लागली आणि चौथ्या दिवशी मी हार मानून पुन्हा डायपर घातला.

सासूबाईंचे म्हणणे असे की, त्यांची दोन्ही मुले वर्षाची होण्याआधीच डायपरशिवाय, म्हणजे लंगोटाशिवाय राहत होती. शिवाय ज्या प्लेग्रुपमध्ये त्याला जूनपासून घालायचे आहे, तिथल्या बाईंनी डायपर लावलेले मूल घेणार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. तो ‘शू झाली’ असे सांगतो, पण झाल्यावर. शी करायची असली की पडद्यामागे जातो, चवड्यांवर उभा राहतो, तोंड लाल होते आणि कोणी जवळ गेलेले त्याला चालत नाही. पॉटीच्या खुर्चीवर कपड्यांसकट मजेत बसतो, पण चड्डी काढली की ताठ होतो. तो तयार आहे आणि मीच कुठे चुकते आहे, की अजून वेळच आलेली नाही?

शिरपूरची शिक्षिका

ताई, मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझे लक्ष मुलांच्या क्रियापदांकडे आधी जाते. माझी मुलगी आधी ‘शू झाली’ म्हणायची, म्हणजे ओले झाल्याचे तिला कळत होते, एवढेच. काही आठवड्यांनी ती खेळता खेळता एकदम थबकून, पायांकडे बघत ‘शू होते’ म्हणू लागली. त्यानंतर महिनाभराने ती फ्रॉक घट्ट धरून ‘शू आली’ म्हणत स्वयंपाकघरात धावत आली, तेव्हा ती २६ महिन्यांची होती, आणि त्याच दिवशी मी डायपर बंद केले. (व्याकरणाने ‘आली’ हाही भूतकाळच, पण आपल्याकडे त्याचा अर्थ ‘आता येणार आहे, धाव’ असा असतो, हे दोन वर्षांच्या मुलांनाही ठाऊक असते.) धाकट्याला हाच पल्ला गाठायला जवळजवळ तीन वर्षे लागली आणि त्याला मी जे जे लवकर शिकवू पाहिले, ते सगळे वाया गेले. तुमचा मुलगा अजून ‘झाली’वर आहे, म्हणून थोडे थांबा, असे मी म्हणेन. मात्र त्याच्यासमोर ‘झाली’, ‘होते’, ‘आली’ हे शब्द रोजच्या बोलण्यात जरूर येऊ द्या.

धुळ्याचा बालरोगतज्ज्ञ

मुलाला न तपासता लिहितो आहे, हे ध्यानात ठेवावे. माहेरी जमलेली गोष्ट जळगावला का बिघडली, याचे उत्तर मला मुलाच्या शिकण्यात कमी आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात जास्त दिसते. तयारीच्या खुणांमध्ये ‘दोन तास कोरडे राहणे’ ही खूण नेहमी सांगितली जाते आणि ती बरोबरही आहे, कारण मूत्राशय काही काळ लघवी साठवून धरू लागल्याचे त्यातून कळते. पण पारा ४२-४३ अंशांवर असताना अंगणात दिवसभर धावणाऱ्या मुलाच्या शरीरातले पाणी घामावाटे जाते, लघवी मुळातच कमी तयार होते आणि चड्डी कोरडी राहते. तेच मूल कूलरसमोर दिवस काढू लागले की घाम थांबतो, पाणी तेवढेच प्यायले तरी लघवी वाढते, आणि आपल्याला वाटते की मूल शिकलेले विसरले. त्या दिवसांत त्याची लघवी गडद पिवळी होती का, ते आईला विचारून पाहा. तशी असेल, तर ते कोरडेपण संयमाचे नव्हते, त्याला पाणी कमी पडत होते. चड्डी ओली होऊ नये म्हणून पाणी कमी देण्याचा मोह मे महिन्यात तरी कटाक्षाने टाळावा.

उन्हाळ्यात खरी खूण पाहायची असेल, तर कोरडे किती वेळ राहिला यापेक्षा ओले कसे झाले ते बघावे. दर अर्ध्या तासाला थोडे थोडे ठिपकत असेल, तर अजून अवकाश आहे. दोन तासांनी एकदम मोठे थारोळे होत असेल आणि त्याआधी मूल क्षणभर स्तब्ध होत असेल, तर मूत्राशय भरल्याची जाणीव जागी होते आहे. त्याच्या जोडीला उकिडवे बसून आधाराशिवाय उठता येणे, चड्डी स्वतः खाली ओढता येणे आणि ‘चड्डी काढ आणि बस’ अशी दुहेरी सूचना समजणे, एवढे हवे. बहुतेक मुलांमध्ये हे सारे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान जुळून येते, त्यामुळे २२ महिन्यांना न जमणे हा उशीर नाही.

मला अधिक काळजी वाटते ती पडद्याची. लपून शी करणे ही पुष्कळदा तयारीची खूण असते, कारण येणार असल्याचे मुलाला आधी कळते. परंतु चवड्यांवर उभे राहून, पाय आवळून लाल होणारे मूल बहुधा जोर करत नसते, तर शी रोखून धरत असते. एकदा कडक शी होऊन दुखले की मूल ती धरून ठेवते, धरल्याने ती आणखी कडक होते, आणि अशा वेळी पॉटीवर बसवण्याचा आग्रह धरला, तर दुखण्याचा सगळा राग पॉटीवर निघतो. अशा मुलाचे बद्धकोष्ठ आधी दूर करावे, प्रशिक्षण नंतर. तो दिवसाला किती दूध पितो? या वयात अर्धा लिटर पुरेसे असते. त्याहून जास्त दुधाने पोट भरले की भाकरी, भाजी, फळे मागे पडतात आणि शी घट्ट होते. आठवड्याभरात फरक पडला नाही, किंवा शीबरोबर रक्त दिसले, तर जवळच्या डॉक्टरांना दाखवावे. पातळ शीचे डाग चड्डीला सतत लागत असतील, तर त्याला जुलाब समजून औषध देऊ नये, कारण आत साठलेल्या कडक शीच्या कडेने ती झिरपत असू शकते.

रात्रीचा डायपर हा वेगळा विषय आहे. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात, त्यामुळे तो आत्ता मनातही आणू नये.

चाळीसगावची आजी

तुमच्या सासूबाई खोटे सांगत नाहीत. आम्ही पाय लांब करून बसायचो, तान्ह्याला दोन्ही पावलांवर बसवून ‘शूऽऽ’ करायचो आणि ते करायचे. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर कधी बसवायचे हे मला कळायचे, बाळाला नव्हे. दूध पाजल्यावर किती वेळाने, झोपेतून उठल्यावर कुठली हालचाल केली की, हे सारे माझ्या अंगवळणी पडले होते. घरात जावा होत्या, अंगण शेणाने सारवलेले होते, ओले झाले तर कोणाला काही वाटत नसे. दिवसभर एकटीने घर सांभाळणाऱ्या सुनेकडून मी तशी अपेक्षा ठेवली नाही. मात्र जेवणानंतर वीस मिनिटांनी नातवाला खुर्चीवर बसवून, पायांखाली पाट देऊन, पाच मिनिटे काऊ-चिऊच्या गोष्टी सांगायचे काम मी घेतले. पावले लोंबकळत राहिली की मुलाला जोर करता येत नाही, ही त्यातली खरी मेख आहे.

जळगावची आई

सर्वांची आभारी आहे. आईला फोन केला. लघवी गडद होती आणि तिला त्याचे काहीच वाटले नव्हते. दूध मोजले, तर पाऊण लिटरच्या वर निघाले, कारण सकाळी मी, दुपारी सासूबाई आणि रात्री हे, असे तिघेही आपापला पेला देत होतो. आता दोनच पेले देतो, आणि डॉक्टरांना दाखवून शी मऊ करण्याचे औषध सुरू केले आहे. प्लेग्रुप दिवाळीनंतर बघू. सासूबाईंना आजींचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी माळ्यावरून पाट काढून आणला.

एक शेवटचे विचारते. पुढच्या आठवड्यात नणंदेकडे सुरतला रेल्वेने जायचे आहे, पाच-सहा तासांचा प्रवास आहे. तेव्हा डायपर घातला तर चालेल का?

धुळ्याचा बालरोगतज्ज्ञ

निःसंकोच घालावा. अजून प्रशिक्षण सुरूच झालेले नाही, त्यामुळे ते बिघडण्याचा प्रश्न येत नाही. गाडी नंदुरबारला पोहोचण्याआधी एकदा बदलावा आणि पाण्याची बाटली मात्र त्याच्या हाताशी राहू द्यावी.