साधी गाठ, उशिरा झालेले निदान : गेलेली नजर परत येते का?

प्रश्न
माझ्या थोरल्या बहिणीला बराच काळ अंधुक दिसत होते. आधी चष्म्याचा नंबर बदलला, मग कोरड्या डोळ्यांचे थेंब झाले आणि शेवटी काचबिंदूची सुरुवात असल्याचे सांगण्यात आले. तक्त्यावरची शेवटची ओळ ती वाचत असे, म्हणून नजर चांगली आहे असेच ऐकायला मिळे. मात्र चालताना तिचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटत असे. अखेर एमआरआयमध्ये पिच्युटरी ग्रंथीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या संप्रेरक-ग्रंथीच्या) वर मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, निघाला. शस्त्रक्रिया नीट झाली, गाठ कर्करोगाची नव्हती, म्हणून सगळे म्हणतात की सुटलात. पण तिच्या डाव्या डोळ्याची नजर जवळपास गेली आहे. ती परत येईल का? हे आधी कळायला हवे होते का?

उत्तर १ (नेत्रतज्ज्ञ)
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते होकारार्थी आहे. गाठ साधी आहे याचा अर्थ ती शरीरात पसरत नाही एवढाच. कवटीत जागा मोजकी असल्याने शेजारच्या नसा ती दाबतेच. पिच्युटरीच्या वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात आणि बाहेरच्या बाजूचे दृश्य पाहणारे तंतू तिथेच बाजू बदलतात, त्यामुळे तिथे दाब आला की बहुधा दोन्ही कडांची नजर आधी जाते आणि मधली टिकून राहते. तक्ता मधलीच नजर मोजतो, म्हणून 6/6 या आकड्यावर विसंबून चालत नाही. काचबिंदूच्या वेळी पेरिमेट्री (नजरेचा विस्तार मोजणारी तपासणी) झाली असेल, तर तो कागद काढून पाहा : काळा भाग उभ्या मध्यरेषेशी थबकलेला असेल, तर दोष बहुधा डोळ्याच्या मागे असतो. एकेक डोळा झाकून बाटलीचे लाल झाकण समोर धरले असता एका बाजूला ते विटकरी किंवा फिके दिसणे, हीसुद्धा महत्त्वाची खूण आहे.

नजर किती परतेल हे नसेत किती तंतू जिवंत आहेत यावर ठरते. ओसीटीमध्ये (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) तंतूंचा थर जाड राहिला असेल, तर दाब हटल्यावर काही दिवसांतच फरक जाणवू शकतो आणि पुढे कित्येक महिने सुधारणा चालू राहते. थर झिजला असेल, तर आशा कमी असते.

उत्तर २
माझी गाठ पिच्युटरीची, प्रोलॅक्टिन (अंगावरचे दूध तयार करणारे संप्रेरक) वाढवणारी होती. पाळी थांबली होती, पण त्याचा डोळ्यांशी संबंध असेल हे कुणाच्या मनात आले नाही. अशा गाठीवर बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्याच पुरतात, म्हणून पिच्युटरीची गाठ निघाली तर शस्त्रक्रियेआधी रक्तातील संप्रेरके जरूर तपासून घ्यावीत.

प्रश्नकर्ती
ओसीटीमध्ये उजव्या डोळ्याचा थर चांगला आहे, डाव्याचा बराच पातळ आहे.

उत्तर १ (नेत्रतज्ज्ञ)
म्हणजे डाव्या डोळ्याकडून फार अपेक्षा ठेवता येणार नाही, हे सांगताना मला वाईट वाटते. उजवा जपणे आता सर्वांत महत्त्वाचे. मेनिंजिओमा पुन्हा वाढू शकतो, म्हणून ठरलेल्या मुदतीने एमआरआय आणि त्यासोबत पेरिमेट्री करून घ्या. बरे वाटते म्हणून त्या चुकवू नका.