विचार येणे आणि विचारांना थारा देणे

‘वाईट विचार मनात आला, म्हणजे पाप घडलेच’ असे मत अनेकदा मांडले जाते. ते मला पटत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती तपस्व्याने खादाडपणापासून गर्वापर्यंत आठ दुष्ट विचारांची मांडणी केली, पण त्यांनी आपल्याला छळावे की नाही हे आपल्या हाती नसून त्यांना मनात रेंगाळू द्यावे की नाही एवढेच आपल्या हाती आहे, असेही त्याने स्पष्ट लिहिले.

हा भेद विसरल्यास काय होते, हे येशूसंघ या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांच्या चरित्रात दिसते. १५२२ साली स्पेनमधील मान्रेसा येथे, पापांची पूर्ण कबुली देऊनही काहीतरी सांगायचे राहिले या शंकेने ते इतके ग्रासले गेले की जीव देण्याचे विचारही त्यांच्या मनात येऊ लागले. (आत्मपरीक्षणाचा अतिरेक घातक ठरतो, हे आपल्या प्रवचनांतून क्वचितच ऐकू येते.) पुढे त्यांनी शिकवलेल्या दैनंदिन परीक्षणाची पहिली पायरी दोषांची उजळणी ही नसून लाभलेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानणे ही आहे, आणि दुसऱ्या पायरीवरही आपली पापे ओळखण्यासाठी देवाकडेच कृपा मागितली जाते.