ईबी-५ (गुंतवणुकीवरचं ग्रीनकार्ड) अर्ज प्रलंबित असताना लग्न: पत्नीचं नाव कधी आणि कसं जोडायचं?

सभासद, प्लेनो:

नमस्कार मंडळी,
भाच्याच्या वतीने विचारते आहे. तो डॅलसला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ग्रामीण भागातल्या प्रकल्पात आठ लाख डॉलर गुंतवून त्याने आय-५२६ई (गुंतवणूकदाराची याचिका) आणि आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीनकार्ड मागण्याचा अर्ज) एकत्र भरले, तेव्हा तो अविवाहित होता. आता लग्न ठरलंय, डिसेंबरात साताऱ्याला. मुलगी पुण्यात असते, अमेरिकेचा कुठलाच व्हिसा नाही. आय-५२६ई दुरुस्त करावा लागेल का? तिच्यासाठी वेगळे पैसे गुंतवावे लागतात का? प्रकल्पवाले म्हणतात, ग्रीनकार्ड आल्यावर बघू.

सभासद, एडिसन:

ताई, ग्रीनकार्ड येईपर्यंत कृपया थांबू नका. सगळं एका तारखेवर अवलंबून आहे. लग्न त्याचा आय-४८५ मंजूर होण्याआधी लागलेलं हवं. आधी लागलं, तर ती त्याच्याच अर्जावर, त्याच्याच प्रायॉरिटी डेटवर (रांगेतल्या तारखेवर) पत्नी म्हणून येते. मंजुरीनंतर लागलं, तर ईबी-५ मधून तिला काहीच मिळत नाही. मग आय-१३० (नातेवाइकासाठीची याचिका) भरून एफ२ए गटाच्या, म्हणजे ग्रीनकार्डधारकांच्या पती-पत्नी-मुलांच्या, रांगेत थांबावं लागतं. शिवाय ग्रीनकार्ड मिळताच त्याचा एच-१बी संपतो, म्हणजे तिला एच-४ (एच-१बीवाल्याच्या पत्नीचा व्हिसा) वर आणण्याची वाटही बंद होते. नवीन जोडप्यांची ताटातूट बहुतेक इथेच होते.

आय-५२६ईला हात लावायचा नाही. ती याचिका गुंतवणूक, पैशाचा स्रोत आणि नोकऱ्यांबद्दल आहे. लग्नामुळे त्यातलं काही बदलत नाही, पत्नीसाठी वेगळी गुंतवणूकही लागत नाही. लग्नानंतर दोन्ही अर्जांचे रिसीट नंबर लिहून इमिग्रेशन खात्याला वैवाहिक स्थिती बदलल्याचं पत्र आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत पाठवा, तेवढं पुरे.

घाई का म्हणतो ते सांगतो. ईबी-५ च्या २०२२ मधल्या सुधारणा कायद्याने ग्रामीण प्रकल्पांच्या याचिकांना प्राधान्य दिलं आहे, त्यामुळे त्या लवकर निघतात. आय-५२६ई मंजूर झाला की आय-४८५ मुलाखतीशिवाय, काही न कळवता मंजूर होऊ शकतो. पूर्वी काही जण वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ मागे ठेवून वेळ काढायचे. २ डिसेंबर २०२४ पासून तो आय-४८५ सोबतच द्यावा लागतो, तेव्हा तोही उपाय उरला नाही. डिसेंबरपर्यंत मंजुरी येणार नाही असं धरून चालू नका.

लग्नानंतर दोन मार्ग आहेत. पहिला, तिला एच-४ वर आणायचं. एच-४ ला कायम राहण्याचा इरादा आड येत नाही. इथे पोचल्यावर ती स्वतःचा आय-४८५ भरेल. सोबत विवाह प्रमाणपत्र, जन्मदाखला, पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), आय-६९३ आणि त्याच्या दोन्ही अर्जांच्या पावत्या. १ एप्रिल २०२४ च्या दरांनुसार आय-४८५ चे १,४४०, सोबतच्या आय-७६५ (कामाचा परवाना) चे २६० आणि आय-१३१ (प्रवासाची परवानगी) चे ६३० डॉलर. पाठवण्याच्या दिवशी दर पुन्हा तपासा, चुकीच्या रकमेचं पाकीट परत येतं. तिच्या अर्जाच्या दिवशीही व्हिसा बुलेटिनमध्ये (दर महिन्याच्या रांगांच्या तक्त्यात) तारीख खुली हवी. बी-२ या पर्यटक व्हिसावर आणून इथे अर्ज भरायचा बेत मात्र नको. पर्यटक म्हणून येऊन मनात वेगळंच असणं ही चुकीची माहिती धरली जाते, आणि तो ठपका आयुष्यभर नडतो.

दुसरा, ती पुण्यातच राहील आणि त्याच्या मागून येईल. त्यासाठी त्याने आय-८२४ (मंजुरीची माहिती वकिलातीला कळवण्याचा अर्ज) भरायचा, मग नॅशनल व्हिसा सेंटर, डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. लग्न मंजुरीआधीचं असेल तर यासाठी ठरावीक वर्षांची मुदत नाही.

लग्नाला जातानाही जपा. आय-४८५ प्रलंबित असताना अॅडव्हान्स पॅरोलशिवाय (परत येण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय) देश सोडला तर अर्ज सोडून दिल्याचं मानतात. एच-१बी वैध असून त्याच व्हिसावर परत येणाऱ्याला यातून सूट आहे. पण पासपोर्टवरचा व्हिसा स्टँप संपला असेल तर भारतात नवा घ्यावा लागेल, तेव्हा पासपोर्ट आत्ताच उघडून बघा. आणि ईएडीवर (आय-७६५ वर मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) दुसरीकडे नोकरी धरू नका. एच-१बी सुटला की तिचा एच-४ ही जातो.

सभासद, प्लेनो:

काका, फार मोलाचं सांगितलंत. मग डिसेंबरची वाट न बघता आत्ताच नोंदणी करून ठेवली तर? ओळखीतले एक जण म्हणतात, सर्टिफिकेट काढून देतो, विधी नंतर करा. मुलीचा जन्म मस्कतचा आहे, त्याने काही अडेल का?

सभासद, फ्रिमॉन्ट:

ताई, तसलं सर्टिफिकेट अजिबात नको. हिंदू विवाह कायद्यात विवाह विधीने होतो. सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर तो पूर्ण होतो, हे कलम ७ मध्येच आहे. नोंदणी हा फक्त त्याचा पुरावा. विधीशिवाय काढलेल्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तसा कागद अमेरिकेत दाखल झाला तर खऱ्या लग्नावरही संशय येईल.

लवकर करायचं तर दोन सरळ रस्ते आहेत. घरच्या माणसांत वैदिक पद्धतीने लग्न लावून लगेच नोंदणी करायची आणि स्वागत समारंभ डिसेंबरात ठेवायचा. किंवा विशेष विवाह कायद्याखाली पुण्यात नोटीस द्यायची. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात तीस दिवस राहत असावा लागतो, मुलगी राहतेच आहे. नोटिशीचे तीस दिवस सरल्यावर, पण तीन महिन्यांच्या आत, दोघांनी तीन साक्षीदारांसह हजर राहायचं. दोघे एकत्र नसताना व्हिडिओवर लावलेल्या लग्नाला अडचण अशी, की त्यानंतर पती-पत्नी म्हणून शरीरसंबंध झाल्याखेरीज अमेरिकी इमिग्रेशन कायदा त्याला विवाह मानत नाही.

विधीचे फोटो, पत्रिका, कार्यालयाची पावती, गुरुजींचं पत्र जपून ठेवा. नोंदणी उशिरा झाली तर हेच कामी येतं. आणि मुलीचं नाव पासपोर्टवर लगेच बदलू नका. आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, मग जन्मदाखला, पदवी, एच-४ आणि आय-४८५ यांत चार वेगळी नावं दिसतात. माहेरच्या नावावरच सगळं भरा, बदल ग्रीनकार्डानंतर.

सभासद, एडिसन:

मस्कतचा जन्म अडचणीचा तर नाहीच, उलट उपयोगी पडू शकतो. ग्रीनकार्डांचा कोटा नागरिकत्वावर नाही, जन्माच्या देशावर ठरतो, आणि पती-पत्नी एकत्र येत असतील तर नवऱ्याला बायकोच्या जन्मदेशाचा कोटा वापरता येतो. ग्रामीण राखीव गटात भारतासाठी तारीख खुली असेल तोवर त्याची गरज नाही. पुढे भारताची रांग लागली, तर दोघांचेही अर्ज ओमानच्या खात्यात धरावेत अशी लेखी विनंती करा. त्यासाठी मूळ ओमानी जन्मदाखला आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. मुंबईच्या मार्गाने जायचं ठरलं आणि वयाच्या सोळाव्या वर्षानंतर ती तिथे वर्षभर राहिलेली असेल, तर ओमानचं पोलीस प्रमाणपत्रही आत्ताच मागवा.