धागा: घरातल्या वस्तूंतून उभी केलेली आगगाडी – आपापले अनुभव लिहा

कालाकुंडचा_घाट (इंदूर)
परवा भाच्याला पातालपाणी–कालाकुंड गाडीत बसवून आणलं. २५ डिसेंबर २०१८ पासून ती हेरिटेज म्हणून चालते, पण माझ्यासाठी तो आजोळचा रस्ता. इंदुरात बसायचं, महू-खंडवा करत अकोल्याला उतरायचं, सगळी मीटर गेज. परत येताना घाट चढायला कालाकुंडला मागून दुसरं इंजिन लागायचं, तोवर पानाच्या द्रोणातला कलाकंद खायचा. सगळं आठवत गेलं.

भाचा घरी येऊन म्हणाला, मामा, हीच गाडी पाहिजे. जर्मन इंजिन मिळतं, अमेरिकन मिळतं, पातालपाणीचा घाट कुठलीच कंपनी विकत नाही. आणि तयार झाडांच्या एका पाकिटाच्या पैशांत घरात आठवड्याची भाजी येते! म्हणून ठरवलं, पैसे फक्त रूळ, चाकं, मोटर आणि वीज यांवर घालायचे. ते स्वस्तात केलं की गाडी अडखळते आणि मुलाचा रस जातो. बाकी जे दिसतं ते घरातून.

सुरुवात खडीपासून. एचओ हे खेळण्यातल्या गाड्यांचं एक ठरलेलं माप, म्हणजे १:८७, म्हणजे रुळाखालची पाच सेंटीमीटरची खडी इथे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. साधारण रव्याएवढी. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथून क्रशरची काळी चुरी आणली. आपल्या माळव्याचा काळा दगडच तो, घाटातली खरी खडीही त्याचीच. रव्याच्या चाळणीने चाळली, खालची भुकटी मैद्याच्या चाळणीने काढून टाकली, मधली ठेवली. मग प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक धरून चुरीवरून फिरवा. काळे कण पिशवीला बाहेरून असे चिकटतात की मिशा फुटल्यासारखं दिसतं. पिशवी उलटी करून ते फेकायचे. हे केलंच पाहिजे, नाहीतर ते कण इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात.

रुळात चुरी पसरा, ब्रशने बसवा, वर पाण्याचा बारीक फवारा. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब हवा, त्याशिवाय पाणी आत मुरत नाही, चुरी वर तरंगते. मग फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीने थेंब थेंब. एक दिवस हात लावायचा नाही. गाडी जिथे रूळ बदलते त्या सांध्याच्या हलत्या पात्यांपाशी फेविकॉल अजिबात नको.

आता तुम्ही लिहा. कुठली गाडी, घरातलं काय वापरलं.

मीनाक्षी_वेटिंग
अकोला!! आमचं आजोळ वाशीमला. पुढचं वाचलंच नाही अजून, कलाकंदावरच थांबले. कुकर लावून येते.

सयाजीनगरी (बडोदा)
आमच्याकडे डभोईची नॅरो गेज. १८६२ मध्ये डभोई–मियागाम रुळावर बैल गाडी ओढायचे, खंडेराव महाराजांच्या काळात. प्रतापनगरचं रेल्वे म्युझियम पाहिलं नसेल तर बघा.

पैसे वाचवायची युक्ती: त्या गाडीचे रूळ ७६२ मिलिमीटरचे. भागिले ८७, पावणेनऊ. आणि एन स्केल, म्हणजे एचओहून लहान माप, त्याचा रूळ ९ मिलिमीटरचा! म्हणजे लहान स्केलचे रूळ आणि इंजिनाची जुनी चेसिस घ्यायची, वर एचओच्या मापाचे डबे पुठ्ठ्यातून बांधायचे. माझे डबे लग्नपत्रिकांचे आहेत. दांडिया बाजारातल्या ओळखीच्या घरांतून पत्रिका गोळा करतो. जाड, गुळगुळीत, कापल्यावर कडा सुटत नाहीत.

तारेचे खांब उत्तरायणात फुकट. १५ जानेवारीला सकाळी गच्चीवर फाटक्या पतंगांचा ढीग असतो, त्यांचे ढढ्ढे (मधल्या उभ्या काड्या) आणि कमानी सोलून ठेवा. ढढ्ढ्याचा खांब, कमानीचा वाकलेला भाग स्टेशनच्या छपराला. तारेला साधी दोरी, मांजा नको, बोट कापतं.

कालाकुंडचा_घाट
@सयाजीनगरी पावणेनऊचं गणित फारच छान. इथे मीटर गेजला १२ मिलिमीटरचा रूळ लागतो, तो बाहेरून मागवावा लागला, खर्च तिथेच झाला.

गेरू_आणि_चुना (इंदूर, लोकमान्य नगर)
झाडांबद्दल सांगते. आमच्याकडे गणपतीच्या देखाव्यासाठी करतो दरवर्षी. वाइंडिंगवाल्याकडून पंख्याची जळकी तांब्याची तार आणा, किलोच्या भावात देतो. पंधरा-वीस तारा एकत्र पिळायच्या, खालून थोड्या सोडल्या की मुळं, वरून दोन-दोन करत सोडत गेलं की फांद्या. खोडावर फेविकॉल आणि चाळलेली माती. पानांना जुन्या गादीचा फोम, पोस्टर कलरच्या पाण्यात भिजवून मिक्सरमधून फिरवायचा. स्वयंपाकाचं भांडं अजिबात नाही, वेगळं ठेवा, रंग पोटात जायला नको.

रंगाचं महत्त्वाचं: हळद वापरू नका. पहिल्या दिवशी झकास पिवळी दिसते, खिडकीतलं ऊन लागलं की उडते. गेरू खनिज आहे, वर्षानुवर्षं तसाच राहतो. घाटातली लाल माती, कौलं, सगळं गेरूवर काढा. पळस फुललेला हवा असेल तर केशरी पोस्टर कलर.

जंगलातल्या पाचोळ्याला चहाचा चोथा. आपण साखर-दूध घालून उकळतो, म्हणून चार पाण्यांनी धुवायचा, कडक उन्हात वाळवायचा. नाहीतर मुंग्या आणि बुरशी.

मीनाक्षी_वेटिंग
आले. आमच्या लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरायचो, त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी दादाने उदबत्तीच्या काड्यांचे रूळ केले होते आणि आगपेट्यांची गाडी. दोऱ्याने ओढायची. मावळ्यांना स्टेशनवर उभं केलेलं. आई म्हणाली शिवाजी महाराजांच्या काळात रेल्वे नव्हती. दादा म्हणाला, मावळ्यांना फिरायला नको का?

जिवाजीगंज (ग्वाल्हेर)
दादा बरोबर होता :)

आमच्याकडे दोन टोकं. जयविलास राजवाड्याच्या जेवणघरात टेबलावर चांदीची आगगाडी, पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरायची. आणि बाहेर श्योपूरची छोटी लाईन, दोन फुटी, छतावर माणसं बसलेली. ती २०२० मध्ये बंद पडली. काकांनी आयुष्यभर तिनेच ये-जा केली, त्यांच्यासाठी कपाटात ठेवायची करतोय, न चालणारी.

त्या गाडीचं रूप छतावरच्या गर्दीत आहे. तयार माणसं विकत घ्यायची तर परवडणं शक्यच नाही. मी एम-सील वापरतो. बारीक तारेचा सांगाडा, वर एम-सील, ओल्या टाचणीने मुंडासं आणि गुडघे काढायचे. एचओत उभा माणूस दोन सेंटीमीटर, बसलेला त्याहून कमी. एका छोट्या पाकिटात अख्ख्या छताची माणसं होतात. एक जण गाठोड्यावर डोकं ठेवून झोपलेला आहे, काकांनी लगेच ओळखलं, म्हणाले हा कैलारसला उतरणारा.

सयाजीनगरी
@जिवाजीगंज फोटो टाका हो त्या झोपलेल्याचा.

फेज_न्यूट्रल (इंदूर)
सगळ्यांना एकच विनंती. दिवाळीच्या जुन्या लायटिंगच्या माळेतले दिवे स्टेशनात लावू नका. ती माळ सरळ २३० व्होल्टवर असते आणि मुलांची बोटं तिथेच असतात. सुटे एलईडी दोन-चार रुपयांना मिळतात. बारा व्होल्टचा चांगला ॲडॅप्टर घ्या, प्रत्येक पांढऱ्या एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर, नऊ मिलिअँपिअर जातो, स्टेशनाला तेवढा उजेड भरपूर. गाडीचा कंट्रोलर वेगळा, दिव्यांचा ॲडॅप्टर वेगळा.

रुळ पुसायला पॉलिशपेपर कधीच नाही. बारीक ओरखडे पडतात आणि त्यात काजळी बसते. शाळेचं खोडरबर, नाहीतर फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल.

बाइंडिंगवाल्यांची_नात
डोंगरासाठी वर्तमानपत्राचे तुकडे कशाने चिकटवता? आमचे आजोबा मैद्याची खळ करताना चिमूटभर मोरचूद घालायचे, पुस्तकांना कसर लागत नसे. फेविकॉलचा डबा लागत नाही, खळीत डोंगर उभा राहतो. फक्त मोरचूद विषारी आहे, कालवणं मोठ्यांनी करावं आणि पातेलं स्वयंपाकात परत घेऊ नये.

गेरू_आणि_चुना
मैद्याची खळ उत्तम. पावसाळ्यात मात्र दोन थरांमध्ये पूर्ण वाळू द्या. आणि थर्माकोलच्या डोंगरावर स्प्रे पेंट मारू नका, थर्माकोल विरघळतो. आधी पाण्यातला डिस्टेंपर.

कालाकुंडचा_घाट
पत्र्याच्या छपराचं कोणी लिहिलं नाही, मीच लिहितो. उवा काढायची बारीक फणी घ्या. जेवण पार्सल येतं त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचं झाकण सपाट करा, तुकडा फणीच्या दातांवर ठेवा आणि आगकाडीच्या मागच्या टोकाने दातांच्या दिशेने घासत जा. नळीदार पत्रा तयार. खऱ्या पत्र्याची नळी तीन इंचांवर असते, भागिले ८७ म्हणजे एक मिलिमीटरच्या आत, फणीचे दात साधारण तेवढेच. गंजाला गेरू, कोरड्या ब्रशने.

आगकाडीचंही माप जमतं. दोन मिलिमीटर जाडी म्हणजे खऱ्या मापात सतरा सेंटीमीटर. मीटर गेजचा लाकडी स्लीपर सहा फुटी, तो इथे एकवीस मिलिमीटर. यार्डाच्या कडेला रचून ठेवलेल्या जुन्या स्लीपरांची चळत भाच्याने एकट्याने केली.

मीनाक्षी_वेटिंग
फणी घरात आहे, मुलगी शाळेतून आली की दोन्ही कामांना लागेल.
कालाकुंडचा कलाकंद अजून तसाच मिळतो का?

कालाकुंडचा_घाट
मिळतो, पानाच्या द्रोणातच. परत येताना घ्या.

फेज_न्यूट्रल
@कालाकुंडचा_घाट चुरी शिल्लक आहे का? पोराला बोगद्याचं तोंड करायचंय.

कालाकुंडचा_घाट
भरपूर आहे भिया. चाळलेली देतो. रविवारी सकाळी ये, डबा आण. येताना एक किलोओहमचे थोडे रेझिस्टर घेऊन ये माझ्यासाठी.

फेज_न्यूट्रल
आणतो. पोहे मीच घेऊन येतो, वहिनींना सांगून ठेव.