मदत हवी आहे: मुलगा कॉलेज फुटबॉलमध्ये 'वॉक-ऑन' व्हायचं म्हणतोय

मंडळी, अमेरिकेतल्या कुणाचं मूल कॉलेजात फुटबॉल खेळलंय का? आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेटवाला.

आम्ही ओहायोत. धाकटा बारावीत, शाळेच्या संघात लाँग स्नॅपर. म्हणजे पंटच्या (चेंडू लाथेने लांब टोलवायच्या) वेळी ओणवं होऊन दोन पायांमधून चेंडू १५ यार्ड मागे भिरकावणारा. चुकला तरच लोकांना त्याचं नाव कळतं. एका मोठ्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळातला सर्वात वरचा गट) विद्यापीठाने त्याला वॉक-ऑन म्हणून बोलावलंय: संघात जागा, शिष्यवृत्ती शून्य. दुसरीकडे घराजवळचं डिव्हिजन थ्री कॉलेज. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, पण मार्कांवर बरीच फी माफ होतेय.

चिरंजीवांना मेकॅनिकल करायचंय. मोठ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणाले, हंगामात आठवड्याला २० तासांच्या वर सराव नाही, तसा नियमच आहे. मी नियम उघडून बसले, तर सामन्याचा अख्खा शनिवार त्यात ३ तास धरतात! प्रवास आणि दुखापतीवरचे उपचार तर मोजतच नाहीत. मग लॅब कधी करायची?

त्यात नवरा म्हणतो, पहिलं वर्ष 'रेडशर्ट' करतील. सराव सगळा, सामने फार तर ४, म्हणजे खेळायचं एक वर्ष शिल्लक राहतं. शिल्लक खेळाचं हो, पाचव्या वर्षाची फी कोण भरणार?

शिवाय कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या २०२५च्या कोर्टातल्या समझोत्यात जी विद्यापीठं सामील झाली, त्यांच्या संघाला १०५ खेळाडूंची मर्यादा आली. कात्री लागली की आधी वॉक-ऑनच जाणार ना?

(वजन वाढवायला तो अंडी खायला लागलाय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.)

होकार देण्याआधी प्रशिक्षकांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १
ताई, भाचा डिव्हिजन थ्रीत खेळला. एवढंच विचारा: संघात सध्या लाँग स्नॅपर किती, आणि कोण कितव्या वर्षाला? दोघं पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असतील तर तुमचा मुलगा बाकावरच बसेल. आणि संघात इंजिनिअरिंगची मुलं किती, हेही. एकाशी तरी मुलालाच बोलू द्या, तुम्ही नको.

धागाकर्ती
स्नॅपर किती हे डोक्यातच आलं नव्हतं! सोमवारी त्यालाच फोन करायला लावते. मी फक्त शेजारी बसेन.