'लोकसहभाग' म्हटलं की गावात पैसेच का ऐकू येतात?

रानपळस : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या पाणलोट समितीसाठी सोळा पानी पुस्तिका करते आहे. (पाणलोट म्हणजे ज्या सगळ्या जमिनीवरचं पाणी वाहत एकाच नाल्याला मिळतं ती जमीन.) मूळ मजकूर इंग्रजी. 'कम्युनिटी पार्टिसिपेशन'ला मी सरळ 'लोकसहभाग' लिहिलं. परवा समाजमंदिरात मसुदा वाचून दाखवत होते. 'गावाचा सहभाग अनिवार्य आहे' या वाक्यावर मागे बसलेल्या एक बाई डोक्यावरचा पदर सारखा करत उठल्या आणि म्हणाल्या, "ताई, भाग कितीचा हाये?" मला आधी कळलंच नाही. त्या वर्गणी विचारत होत्या. पुढचा अर्धा तास पैशांवरच गेला, माथ्यावर पाणी मुरवायला खणायच्या चरांचा विषय निघालाच नाही. 'सहभाग'ला दुसरा शब्द सुचवा.

काळीमाती : बाईंचं काही चुकलं नाही. हा शब्द गावात आला तोच पैशाचं बोट धरून. केंद्र सरकारच्या पाणलोट प्रकल्पांच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत खासगी जमिनीवरच्या कामाला १० टक्के लोकवाटा होता. अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५ टक्के. तो पाणलोट विकास निधीत जमा व्हायचा, पुढच्या देखभालीसाठी. मी अशा एका समितीचा सचिव होतो. पावतीपुस्तकावर छापलेलं असायचं 'लोकवाटा' आणि आम्ही तोंडानं म्हणायचो 'लोकसहभाग'. पैशाला लोकवाटा म्हणा, हातपाय हलवण्याला श्रमदान. गोंधळ मिटला.

वावर_मोर्शी : श्रमदान म्हनता, पन दान कोनाले? २०१८ च्या उन्हाळ्यात गावागावात पानी अडवाची स्पर्धा होती. आमची माय पहाटं उठून ई-क्लासवर, म्हंजे गावच्या सरकारी चराईच्या जमिनीवर, चर खंदाले जाये. हाताले फोड आले तं चिंधी बांधून जाये. आमाले वावर नाही. त्या साली पानी मुरलं, खालच्या विहिरीईले पानी आलं, संत्रा वाचला. चांगलंच झालं, मी त्याले वाईट म्हनत नाही. पन ज्याच्या विहिरीत पानी आलं त्यानं देल्लं ते 'सहभाग', अन् मायनं देल्लं ते 'दान'?

धामकाठ : मी पवनारजवळचा, विनोबांचा आश्रम तिथलाच, म्हणून राहवत नाही. विनोबा 'दान'चा अर्थ शंकराचार्यांच्या भाष्यातून सांगत : दानं संविभागः. दान म्हणजे नीट वाटून घेणं. म्हणूनच भूदानात ते भीक मागत नसत, भाग मागत. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या, असं. भाग, विभाग, भक्ती ही सगळी एकाच 'भज्' धातूची लेकरं. तेव्हा त्या बाईंनी 'भाग कितीचा' विचारलं ते शब्दाच्या मुळाशी जाऊनच. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

वावर_मोर्शी : दादा, संविभाग असंल तं पान्यातबी भाग पायजे.

काळीमाती : असं झालेलं आहे. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर ठरलं. भूमिहीनालाही हक्क. आपल्याकडे माथ्यावर चराईबंदी होते तेव्हा पहिली झळ शेळ्यावाल्याला, आणि पायथ्याचं पाणी दुसऱ्याला. त्याला 'सहभागी व्हा' कोणत्या तोंडानं सांगायचं? शब्द बदलून हे सुटणार नाही.

साताऱ्याहून : मूळ प्रश्नाकडे या. अस्सल शब्द आहे की : इर्जिक. शेजाऱ्याच्या रानात सगळ्यांनी बैल-नांगर घेऊन जायचं, जेवण त्याच्या घरी.

वावर_मोर्शी : आमच्याकडं कोनी म्हनत नाही हे.

रानपळस : सावड कळेल बहुधा. पण सावडीत आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. ई-क्लासवरचं काम परत कोण कोणाकडे करणार? मला 'गाव सामील झालं' बरं वाटतंय. बायका बोलताना हेच म्हणत होत्या.

साताऱ्याहून : 'सामील' अरबी आहे. पुस्तिकेत मराठी शब्द असावा.

काळीमाती : मग जमीन, मालक, हक्क हेही काढा आणि पुस्तिका लिहून दाखवा. बाईच्या तोंडात जो शब्द आहे तो मराठी.

बोडीवाला : गोंदियाहून लिहितो. 'सहभाग' राहू द्या, आधी 'पाणलोट' बघा. आमच्याकडे जुने मालगुजारांच्या काळचे तलाव नि बोड्या, म्हणजे लहान तळी, तिथे लोक 'येवा' म्हणतात. "तलावाचा येवा कोणीकडून?" असं विचारा, म्हातारा बोट दाखवून ओढे मोजून देईल. पाणलोट विचारा, गप्प बसेल. आणि रानपळस, कोशात 'वॉटरशेड'पुढे 'जलविभाजक' सापडला तर घेऊ नका. ब्रिटिश वापरात 'वॉटरशेड' हा शब्द दोन खोऱ्यांमधल्या उंच कण्याचा, अमेरिकी वापरात अख्ख्या खोऱ्याचा; 'जलविभाजक' म्हणजे फक्त तो कणा. आमच्याकडे एका फलकावर हीच चूक रंगवलेली पाहिली आहे. 'जलविभाजकातील शेतकऱ्यांनी' असं. कण्यावर कोण शेती करतो?

रानपळस : हे पान चारवर माझ्याकडून झालंय. आत्ताच बदलते. उपकार झाले. आणि 'बांधावर झाडं लावा' चालेल ना?

वावर_मोर्शी : धुरा म्हना. बांध म्हनलं तं लोकं नाल्यावरचा बांध समजते.

बोडीवाला : आमच्याकडे बांधी म्हणजे धानाचं वावरच. बांधीत झाडं लावा म्हटलं तर भांडणं होतील.

धामकाठ : धुरा हा संस्कृत 'धुर्'वरून असावा, असं मला वाटतं. जोखडाचा जो भाग बैलाच्या मानेवर येतो तो. दोन बैलांच्या मध्ये धुरा, दोन वावरांच्या मध्ये धुरा.

साताऱ्याहून : ओढून आणलेली व्युत्पत्ती आहे. आधार द्या.

धामकाठ : आधार शोधतो. पण वावर_मोर्शी, तुमच्याकडे धुऱ्यावरचं गवत कोण कापतं? वरच्या वावराचा की खालच्या?

वावर_मोर्शी : एका साली वरचा, एका साली खालचा.

धामकाठ : त्याला काय म्हणतात?

वावर_मोर्शी : पाळी. पन भाऊभाऊ असले तं कोनीबी कापते. अन् शेळीवाल्या बाईनं मागतलं तं तिले नाही म्हनत नाही कोनी. त्याले शब्द नाही.

बोडीवाला : आमच्याकडे आहे. उद्या म्हाताऱ्याला विचारून लिहितो.